तुकड्या पाडल्या कुणी?

दिवाळीत घर भरलेलं होतं. बदलापूरची भाची आली होती, उल्हासनगरहून दीर-जाऊबाई आले होते, मुलगा, सून, नात तर होतेच. फराळ झाला, पत्ते झाले, मग आता काय, तर सिनेमा. नातीनं तिच्या लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि आजी, तू सांग कुठला, म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'दहावी फ' लावा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा 2002 सालचा. तेव्हा मी नोकरीत होते. अंबरनाथच्या एका मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. सिनेमा आला तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "मास्तर लोकांना बरंच सुनावलंय म्हणे त्यात." तेवढ्यावर माझं मन उडालं. दिवसभर साठ साठ पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि वर पैसे देऊन शिव्या खायला जायचं, कुणी सांगितलंय! गेले नाही. तो राहिलेला सिनेमा या दिवाळीत पाहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या आहेत. हुशार ते 'अ'मध्ये, उरलेसुरले 'फ'मध्ये. 'फ'मधली बरीचशी मुलं गरीब घरची, कुणी शाळा करून कामाला जाणारी. 'अ'च्या मुलांशी त्यांचा खटका उडतो, दोष आणि शिक्षा मात्र 'फ'च्या वाट्याला. मग ती चिडलेली पोरं शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. त्यांच्यामागे एकच शिक्षक उभे राहतात, देशमुख सर (अतुल कुलकर्णींनी काय छान केलेत!). ते या मुलांना सांगतात की मोडलंत ना, आता कमवा आणि भरून द्या. आणि मुलं कमवायला लागतात.

सिनेमा संपला. दिवे लावले. भाची म्हणाली, "बघ मावशी, शेवटी सगळा प्रश्न संगतीचा. एकटं पोर असं करेल का? घोळक्यात असलं की चढतं." दीर बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळ्याचं इंग्रजी नाव ठाऊक. ते म्हणाले, "पीअर प्रेशर म्हणतात त्याला, वहिनी. आणि आईबापांचं लक्ष नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा चिवड्याचा डबा फिरला.

मी तेव्हा काही बोलले नाही. सणासुदीला कशाला! पण रात्री झोप लागली नाही, म्हणून आता इथे लिहिते आहे. भाची वाचेलच. वाच गं बाई, आणि रागावू नकोस.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की हा घोळका जमवला कुणी? त्या चाळीस-पन्नास पोरांना एका खोलीत आणून कुणी बसवलं? ती काय आपापली शोधत एकमेकांकडे गेली होती? त्यांना शाळेनं वेचून, निवडून, धान्यातले खडे काढावेत तसं बाजूला काढलं आणि दारावर अक्षर लिहिलं, 'फ'. एकदा ते अक्षर लिहिलं की पुढे त्या पोरांनी वेगळं काही करायची गरजच उरत नाही. बाकीचं सगळं ते अक्षर करतं. आणि मग आपण म्हणतो, संगत वाईट.

मी हे बाहेरून बोलत नाही. मी स्वतः तुकड्या पाडल्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार-पाच जणी सातवीचे मार्क घेऊन बसायचो. आठवीचे वर्ग ठरायचे. वरची पन्नास-साठ नावं 'अ', मग 'ब', अशी यादी खाली सरकायची. संस्कृत 'अ' आणि 'ब'लाच. अनुभवी शिक्षक 'अ'ला. नव्यानं लागलेली बिचारी बाई, किंवा ज्यांच्याशी हेडसरांचं पटत नाही ते, शेवटच्या तुकडीला. बाकंसुद्धा! चांगली बाकं खालच्या मजल्यावर, जिथे पालक आणि पाहुणे येतात. शेवटची तुकडी वर, पत्र्याखाली. मे महिन्यात नव्हे, ऑक्टोबरमध्ये सुद्धा तिथे शिकवताना पदर कपाळाला लावावा लागे. तिथली पोरं खिडकीत जाऊन उभी राहायची, आणि आम्ही त्यांना बेशिस्त म्हणायचो.

आता त्या मुलाविषयी. नाव लिहीत नाही.

ही गोष्ट 1996-97 ची. नववीच्या शेवटच्या तुकडीतला मुलगा, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून चालत यायचा. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांना सांगते, पाच नंबर आणि अंबरनाथ एकमेकांना चिकटलेलेच आहेत. घरी जीन्सचं काम. उल्हासनगरात तेव्हा घरोघरी जीन्सची कामं चालत. शिलाई झाली की उरलेले धागे कात्रीनं कापायचे, नगावर पैसे. आई, बहिणी आणि हा, रात्री दहा-अकरापर्यंत धागे कापायचे. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला कात्रीचा घट्टा पडला होता. वही तपासायला घेतली की निळे धागे निघायचे मधून. मी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ही वही आहे की शिंप्याचं दुकान?" वर्ग हसला होता. तोही हसला होता.

या मुलाची 'अ' तुकडीतल्या एका मुलाशी दोस्ती होती. तो फॅक्टरीच्या क्वार्टर्समधला. (अंबरनाथला नुसतं फॅक्टरी म्हटलं की ऑर्डनन्स फॅक्टरी. आमचे हेही तिथेच होते.) हुशार, अक्षर मोत्यासारखं, गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारा. दोघांचं काय जमलं होतं देव जाणे, पण मधल्या सुट्टीत कायम बरोबर. एके दिवशी दोघेही दुपारनंतर गायब. उल्हासनगरच्या एका टॉकीजपाशी कुणीतरी त्यांना पाहिलं आणि शाळेत सांगितलं.

मी काय केलं? 'अ'च्या मुलाच्या आईला बोलावून घेतलं, समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, "तुमचा मुलगा गुणी आहे हो, पण संगत सोडवा." दुसऱ्याच्या आईला निरोपसुद्धा धाडला नाही. त्याला वर्गाबाहेर उभं केलं दोन दिवस. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'संगत सुधारावी.' म्हणजे बघा, एकाची संगत वाईट म्हणून दुसऱ्याची आई घाबरली, आणि ज्याला वाईट संगत ठरवलं त्यालाही मी सांगते आहे संगत सुधार! कुणाकडे जायचं होतं त्यानं? बरी म्हणावी अशी एकच संगत होती, ती मीच तोडली होती.

पुढे नववीच्या शेवटी त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता यावं, म्हणून बोर्डाची ही सोय. सोय चांगलीच आहे, कितीतरी बायका, कामगार त्यावर दहावी झाले. पण आमच्यासारख्या शाळांनी तिचा दुसराच उपयोग शोधून काढला होता. जो मुलगा दहावीला नापास होईलसा वाटतो त्याला नववीतच काढून सतरा नंबरवर बसवायचं, म्हणजे तो शाळेच्या निकालात मोजला जात नाही. मग फाटकाबाहेर फलक लागतो, शंभर टक्के निकाल! त्या वर्षी आमचा फलक लागला. मी त्याखाली उभी राहून फोटो काढलाय, अजून आहे घरात. तो मुलगा परीक्षेला बसलाच नाही, असं नंतर कळलं.

गेल्या वर्षी बदलापूरला एका लग्नात त्या 'अ'वाल्याची आई भेटली. आता मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. गप्पा निघाल्या, जुन्या शाळेच्या निघाल्या. बाई हसत हसत म्हणाल्या, "अहो बाई, ते टॉकीजचं आठवतं का? तिकिटं आमच्याच चिरंजीवांनी काढली होती. माझ्या डब्यातले पैसे घेऊन! तो दुसरा नको नको म्हणत होता, कामाला जायचंय म्हणून. हा त्याला ओढत घेऊन गेला. आता सांगतो हसून." मी विचारलं, त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं? तर म्हणाल्या, "कुठला दुसरा? नाव काय हो त्याचं?" आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना फोटोला बोलावलं.

मला नाव आठवत होतं. कॅटलॉगमधला नंबर सुद्धा आठवत होता, एक्केचाळीस.

तर भाचीबाई, संगतीनं बिघडतं म्हणतेस ना, मग इथे कोण कुणाच्या संगतीनं बिघडलं ते सांग. आणि मी जे त्या आईला घाबरवलं, मी जी दहावीच्या निकालासाठी हिशोब करत बसले, ती कुणाच्या संगतीत? शेजारच्या शाळेचा निकाल अठ्ठ्याण्णव लागला की आमचे हेडसर तोंड पाडून बसत. संस्थेचे लोक विचारत, त्यांचा एवढा, आपला का नाही? मग आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून जे केलं, एकटीनं जे कधी केलं नसतं, ते. यालाच भाऊजी, तुम्ही काय म्हणालात? पीअर प्रेशर. पन्नाशीच्या बायकांवरचं.

माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की हा शब्द आपण पोरांच्या माथी मारून स्वतः मोकळे झालो. घोळक्याच्या दबावाखाली वागतात ते मुळात आईबाप. फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मी तीस वर्षं राहिले. निकालाच्या दिवशी कुणाकडे पेढे आले आणि कुणाकडे आले नाहीत, हे संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. ज्यांच्याकडे आले नाहीत ते दार लावून बसायचे, दिवा न लावता. पोरगं पंचावन्न टक्क्यांनी पास झालेलं असायचं हो! पास! आणि घरात सुतक. त्या बापाला पोराच्या मार्कांचं दुःख नसायचं, सकाळी फॅक्टरीच्या गेटवर चौघे विचारतील याचं असायचं. बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात तेच. माझी सून रोज जाते त्या डब्यातून. कर्जतहून गाडी भरून आली की बदलापूरला चढायला मिळण्याची मारामार, पण चढल्यावर गप्पा कशाच्या, तर तुझीला कुठला क्लास, आमचीला अमका. एकीनं आठवीपासून क्लास लावला की दुसरीला सातवीपासून लावावाच लागतो. आता व्हॉट्सॅपवर पालकांचे ग्रुप आहेत, म्हणजे डबा चोवीस तास चालू! रात्री साडेअकराला सून उठून बसते, "आई, सगळ्यांनी प्रोजेक्ट रंगीत प्रिंट काढून दिलंय, आपलंच साधं आहे." मग सकाळी सहाला दुकान उघडायची वाट बघत नातीचा बाप रस्त्यावर. आणि हेच आईबाप पोरीला सांगतात, मैत्रिणी करतात म्हणून तू करायचं नाहीस!

मराठीत या वयाच्या मुलांवर गेल्या काही वर्षांत चांगले सिनेमे आले. रवी जाधवांचा 'बालक-पालक' 2013च्या जानेवारीत लागला होता. तो मी कल्याणला जाऊन पाहिला. चाळीतली मोठी माणसं एका मुलीविषयी दबक्या आवाजात बोलतात, पोरांनी काही विचारलं की गप्प बसवतात. मग पोरं जातात कुणाकडे? त्यांच्यातल्याच एका चालू पोराकडे, विशूकडे. माझ्या शेजारी बसलेल्या बाई मध्यंतरात म्हणाल्या, असली कार्टी असतात एकेक, चांगल्या घरच्या पोरांना नादी लावतात. अहो, पण चांगल्या घरच्यांनी दार लावून घेतलं म्हणूनच ना पोरं विशूकडे गेली? एकाही घरात नीट उत्तर मिळालं असतं तर विशूला कुणी विचारलं असतं? मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' त्याच्या आदल्या वर्षीचा, गोष्ट आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची. त्यातही टोळकं आहे, चिडवाचिडवी आहे. पण मला त्यात दिसली ती मुलांची एकमेकांवरची माया. मोठ्यांना जे सांगता येत नाही ते सांगायला त्यांच्याकडे दुसरं कोण होतं?

याच्या उलट महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' (2010). नावावरून गदारोळ झाला तोच. त्यात क्रिकेटवेड्या मुलाचा बाप अभ्यासापायी त्याच्यावर हात उगारतो, मुलगा मरणाच्या दारात पोहोचतो. मग बाप उठतो आणि थेट सरकारशी भांडतो. थिएटरात टाळ्या पडल्या. मला नाही वाजवाव्याशा वाटल्या. शिक्षणपद्धती वाईट आहे, कबूल, मी तिच्यात पस्तीस वर्षं काढली. पण हात पद्धतीचा नव्हता हो, बापाचा होता. सगळं खापर मंत्रालयावर फोडलं की घरी जाऊन पुन्हा पोराला पेपर दाखव म्हणायला आपण मोकळे.

म्हणून मला 'दहावी फ' जास्त खरा वाटला. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती आमच्या घरात कुणाच्याच लक्षात आली नाही. देशमुख सर तो घोळका मोडत नाहीत. मी मोडला असता! एकेकाला वेगळं काढलं असतं, पालकांना बोलावलं असतं, याला त्याच्यापासून तोडलं असतं. सर त्या सगळ्यांना एकत्रच ठेवतात आणि एकत्रच कामाला लावतात. ज्या एकीनं मोडतोड झाली, तीच एकी मग पैसे जमवते. एखादा मागे राहायला लागला तर बाकीचे त्याला ओढतात. दबाव तोच, मुलंही तीच.

आता कुणी म्हणेल, बाई, मग काय पोरांना मोकाट सोडायचं? गुटखा, तंबाखू, गाड्या उडवणं, रुळांवरून चालणं हे संगतीनं लागत नाही का? लागतं. मी नाही म्हणत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि तरी शाळेच्या भिंतीमागे पुड्या सापडतात, मला ठाऊक आहे. प्रयोगशाळा फोडणं चूकच आणि सरही त्यांना ती भरायला लावतातच. पण ज्या पोराला वर्गात, घरात, नातेवाइकांत कुठेच किंमत नाही, त्याला भिंतीमागे किंमत मिळते. तिथे त्याला कुणी टक्के विचारत नाही. भिंतीमागचं बंद करायचं असेल तर भिंतीपुढे त्याला बसायला जागा लागेल. ती आपण पत्र्याखाली दिली.

आणि सिनेमाशीही माझं एक भांडण आहे. देशमुख सर एकटे. एक देवमाणूस येतो आणि पोरं तरतात. मला भीती वाटते की पालक डोळे पुसत बाहेर येतात आणि म्हणतात, असे सर हवेत. अहो, सर कुठून आणायचे? जनगणना, मतदारयाद्या, निवडणूक, या सगळ्याला बाईच. साठ पोरांच्या वह्या तिनंच तपासायच्या. त्यातून तिनं देशमुख व्हायचं! एखादी होते, सलाम तिला. मी झाले नाही. पण साध्या, थकलेल्या, घाबरट बाईच्या हातूनही पोराचं वाटोळं होऊ नये अशी शाळा हवी ना? त्यासाठी तुकडी न पाडणं एवढं तरी जमण्यासारखं होतं. नावाच्या अक्षरानं वर्ग लावले असते तर काही खर्च येत नव्हता. आम्ही एकदा सुचवलंही होतं. पालकांनीच नको म्हटलं. कुठल्या पालकांनी, ते सांगायला नको. 'फ'च्या पालकांना कुणी सभेला बोलावलंच नव्हतं.

आता तुकड्या नाहीत असं म्हणतात. खरं आहे, मार्कांच्या नाहीत. आता सेमी इंग्रजीची तुकडी आणि साध्या मराठीची तुकडी. आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या कितीतरी मराठी शाळांत हेच चाललं आहे. 2010 पासून आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा कायदा लागू झाला, तेव्हा गाळणी नववीवर आली. मध्यंतरी पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणली, म्हणजे आणखी दोन गाळण्या. सतरा नंबर आहेच.

नात आठवीत आहे, सेमीच्या वर्गात. परवा तिला विचारलं, साध्या मराठीच्या वर्गातली कुणी मैत्रीण आहे का गं? म्हणाली, "आजी, त्यांच्यात कोण जातं? बाईच म्हणतात, त्यांच्यात जाऊ नका."

येत्या शनिवारी पालकसभा आहे. मुलाला सुट्टी नाही, सुनेला एकटीला जायचा कंटाळा. तिनं विचारलं, "आई, तुम्ही येता का बरोबर?" मी म्हटलं, येते की. मग ती जरा वेळानं स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण आई, तिथे तुकड्यांचं वगैरे काही काढू नका हं. सगळे ओळखीचे असतात."